बहिरीच्या पोटातलं निळं पॅकिंग

ओनेलिओ पेद्रासा पंधराव्या वर्षी सान हासिंतोच्या साखर कारखान्यात वर्कशॉप झाडायला लागला, आणि कारखान्याचा भोंगा कायमचा गप्प झाला तेव्हा तिथला मोठा मिस्त्री म्हणून फाटकाबाहेर पडला. जाताना प्रत्येकाने आठवण म्हणून काहीतरी नेलं. कोणी भोंग्याची साखळी नेली, कोणी हजेरीचं घड्याळ. ओनेलिओने रीतसर अर्ज लिहून भंगारातला एक रशियन ट्रॅक्टर मागितला.

साहेब हसले. "पेद्रासा, हा चालत नाही."

"तो तुमच्याशी बोलत नाही एवढंच," ओनेलिओ म्हणाला. "माझ्याशी बोलेल."

बोलला. इतका बोलला की तो गल्लीतून जायला लागला की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून गावाने त्याचं नाव 'बहिरी' ठेवलं. बहिरीने ऊस वाहिला, पाणी वाहिलं, वादळानंतर उन्मळलेली झाडं ओढली, दोनदा नवरी आणि एकदा पाद्रीसाहेबांचा पियानो नेला. पण तिचं खरं काम वर्षातून एकदाच असायचं, आणि त्या एका दिवसासाठी ओनेलिओ उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिचे लाड करायचा.

आमचं गाव मधल्या रस्त्याने दोन फाकांत कापलेलं आहे. उगवतीकडचे ते खेकडे, मावळतीकडचे ते बगळे. खेकड्यांचा रंग लाल, बगळ्यांचा निळा. वर्षभर लग्नं, बारशी, भांडणं सगळी एकत्र होतात. डिसेंबरातल्या जत्रेला मात्र दोन्ही बाजू आपापला चित्ररथ बाहेर काढतात. तो घराहून उंच आणि दिव्यांनी लखलखणारा असतो. त्यावर नटूनथटून उभी असलेली माणसं पापणीही न हलवता पुतळ्यासारखी उभी राहतात. दोन्ही रथ दोन्हीकडून चढ चढून चर्चपुढच्या चौकात येतात. परीक्षक कोणी नसतो. दोन्ही बाजू दरवर्षी जिंकतात आणि वर्षभर एकमेकांना तसं सांगत राहतात. रथावर कोणती कथा आहे हे सख्ख्या आईलाही सांगायचं नाही, आणि जत्रेआधीचे पंधरा दिवस मधला रस्ता ओलांडायचा नाही. नवरा खेकडा आणि बायको बगळी असेल, तर ती कपड्यांची पिशवी उचलून माहेरी जाते.

खेकड्यांचा रथ ओढायची बहिरी. बगळ्यांचा रथ ओढायचा तसलाच दुसरा रशियन ट्रॅक्टर, आणि तो चालवायचा नेमेसिओ.

नेमेसिओ आणि ओनेलिओ कारखान्यात एकाच बाकावर शिकले. एकाच ताटात उकडलेला यूकाचा कंद खाल्ला, एकाच मुलीवर जीव टाकला आणि ती तिसऱ्याशीच लग्न करून गेली तेव्हा एकाच बाटलीतून रम प्यायले. पुढे ओनेलिओला मुलगी झाली. तिचं नाव यानेलिस. तिचा धर्मबाप कोण, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही. बाप्तिस्म्याला पाण्याच्या कुंडाशी तिला हातावर घेऊन नेमेसिओ उभा राहिला आणि त्या दिवसापासून दोघे एकमेकांचे कोम्पाद्रे झाले. आमच्याकडे भावाशी भांडून अबोला धरता येतो, कोम्पाद्रेशी धरता येत नाही.

दोघांनी आपसांत एक नियम केला होता: गाव दोन बाजूंचं असलं तरी सुट्या भागांना बाजू नसते. एकाचं बेअरिंग गेलं की दुसऱ्याच्या पेटीतलं यायचं. नऊ वर्षांपूर्वी बहिरीचा पहिल्या-दुसऱ्याचा गिअर फुटला तेव्हा दोघे सायकली काढून दोन दिवस पेडल मारत दुसऱ्या एका बंद कारखान्याच्या अंगणात गेले. ओनेलिओने बदल्यात आपलं पोसलेलं डुक्कर दिलं आणि तो लोखंडी गोळा आळीपाळीने सायकलच्या दांडीवर बांधून घरी आणला. बसवण्याआधी ओनेलिओने त्यावर पंचने तीन ठिपके मारले. हातातून गेलेल्या प्रत्येक भागावर तो ते मारायचा.

"सही करतोस की काय, मोठा चित्रकार?" नेमेसिओने चिडवलं होतं.

तो गिअर बसवून नऊ वर्षं झाली त्या वर्षी जत्रेला बारा दिवस राहिले होते. खेकड्यांच्या रथाचा सांगाडा शेडबाहेर ओढून पाहायचा होता. ओनेलिओने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, बहिरीने जोर लावला, सांगाडा वीतभर हलला आणि खट्! दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये येऊन पडला. पुन्हा टाकला. पुन्हा खट्. रिकामी बहिरी सगळ्या गिअरांत चालत होती. वजन मागे लागलं की पहिला सुटत होता.

रथाचं सगळं नियोजन एर्मिनियाबाईंकडे असायचं. गावातल्या निम्म्या लोकांच्या त्या शाळेतल्या बाई, निवृत्त झाल्या तरी छडी मनातून गेली नव्हती.

"काय झालं ओनेलिओ?"

"काही नाही बाई. बाहेरचंच काहीतरी असणार."

बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे, ही त्याची शिस्त. त्याने आधी क्लचच्या पेडलचा ढिलेपणा मोजला. थोडा जास्त होता, तो काढला. तरी खट्. मग दांड्याच्या बुडाची वाटी साफ केली, गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा काढल्या, एक थकलेली वाटली म्हणून दाराच्या कडीची स्प्रिंग कापून बसवली. तरी खट्. मग इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट आवळले, कारण ते ढिले असले की आतली ओळ चुकते आणि गिअर सुटतो. एक खरंच ढिला होता. ओनेलिओ आनंदला, बायकोला हाक मारून कॉफी मागवली, कॉफी पिऊन गिअर टाकला. खट्.

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको मिग्दालिया रिकामी कपबशी उचलता उचलता म्हणाली, "म्हाताऱ्या, बॉक्स उघड ना."

"बॉक्समध्ये काही नाही."

"कशावरून?"

"मी स्वतः बंद केलाय तो. आत माझा गिअर आहे. तो आपल्या दोघांनंतरही राहील."

"मग मी आणखी कॉफी करते," मिग्दालिया म्हणाली. "कॉफीने बरा झालेला ट्रॅक्टर मी अजून पाहिला नाही, पण करते."

ओनेलिओला राग आला, आणि रागातच त्याने बॉक्सखालचा बोल्ट काढला. काळं तेल परातीत आलं. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक त्याने तेलातून फिरवलं. चुंबकाला जी मिशी चिकटून आली ती पाहून तो जमिनीवर बसला. भुकटी थोडी असतेच, जुन्या गाडीत असायचीच. हे खडे होते. राखाडी, ठिसूळ, तांदळाएवढे. घडीव पोलादाचे असे खडे पडत नाहीत. वेल्डिंगने भरलेल्या दात्यांचे पडतात.

त्याने वरचं झाकण उघडलं. झाकणाखालचं पॅकिंग त्याने नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने कापलं होतं, चपलांच्या खोक्याच्या पिवळ्या पुठ्ठ्याचं. आता तिथे निळं पॅकिंग होतं. जाड, चांगल्या पुठ्ठ्याचं, एका बाजूने निळा रंग दिलेलं, आणि एका कोपऱ्यात चंदेरी रंगात उंटाचा अर्धा पाय. असा पुठ्ठा आणि असा निळा रंग आख्ख्या गावात एकाच छपराखाली होता, बगळ्यांच्या रथाच्या शेडमध्ये.

आतला गिअर त्याने कपड्याने पुसला. एका बाजूचे चार दाते भरलेले, त्यातले दोन आता कुरतडलेले. त्याने गिअर फिरवला, पालथा केला, पुन्हा फिरवला. तीन ठिपके नव्हते.

ओनेलिओने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

ऑक्टोबरात नेमेसिओने चार दिवस बहिरी मागून नेली होती, रताळी वाहायला. परत आणली तेव्हा ती धुतलेली होती, टाकी भरलेली होती, आत नवं तेल होतं. ओनेलिओ त्या रात्री बायकोला म्हणाला होता, "असा कोम्पाद्रे नशिबाने मिळतो."

त्याने निळं पॅकिंग घडी करून खिशात घातलं आणि दुपारच्या उन्हात मधला रस्ता ओलांडला. बगळ्यांच्या ओट्यांवरचं बोलणं तो पुढे सरकेल तसतसं बंद पडत गेलं.

नेमेसिओची बायको ओदालिस अंगणात केळी सोलत होती. "अगं बाई! पंधरवड्यात खेकडा आमच्या अंगणात! कोणी मेलं की काय?"

"अजून नाही," ओनेलिओ म्हणाला.

नेमेसिओ घरातून आला तो हसतच, हात पसरून. "कोम्पाद्रे! शरण आलास? आधीच सांगायचं ना, पांढरं निशाण शिवून ठेवलं असतं."

"ऑक्टोबरात बहिरीचा बॉक्स उघडलास तू?"

"मी? छे! मी कशाला उघडू? तेल बदललं फक्त. आभार मानायचे सोडून चौकशी करायला आलास होय?"

"आईची शपथ?"

"आईची कशाला, यानेलिसची घेतो. माझी धर्मलेक आहे ती."

ओनेलिओने पॅकिंग काढलं आणि केळ्यांच्या सालींशेजारी टेबलावर ठेवलं. नेमेसिओने ते पाहिलं. त्याचं हसू गेलं आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे कोणाला दाखवलंस?"

"मी गिअरबद्दल विचारतोय."

"आधी सांग, एर्मिनियाबाईंनी पाहिलं का? हा उंट कोणी पाहिला का?"

"नेमेसिओ."

इतक्या वर्षांत ओनेलिओने त्याला नावाने हाक मारली नव्हती. ओदालिस सुरी ठेवून आत निघून गेली.

"माझ्या गिअरचे चार दाते गेले होते," नेमेसिओ खाली बघत म्हणाला. "भरून पाहिले. पण चर्चच्या चढावर ते टिकले नसते, हे मला कळत होतं. आमच्या बाजूला शब्द दिलेला. यंदाचा रथ केवढा आहे तुला कल्पना नाही."

"चढावर टिकले नसते हे तुला कळत होतं," ओनेलिओ सावकाश म्हणाला. "म्हणून ते माझ्या बहिरीच्या पोटात घातलेस. माझा रथ काय उतरणीवरून जातो?"

"अरे, तू ओनेलिओ आहेस! तुला पहिल्या दिवशी कळेल असं वाटलं मला. तू काहीतरी करशील. आजवर कधी अडलंय तुझं?"

"मागितला का नाहीस?"

"मागितला असता तर दिला असतास?"

"नसता दिला. तुझ्याबरोबर सायकल काढली असती."

नेमेसिओने टेबलावरच्या केळ्यांच्या साली एका बाजूला सारल्या.

"यंदा यानेलिस उभी राहतेय," ओनेलिओ म्हणाला. "सगळ्यात वर. अकरा मीटरवर."

नेमेसिओचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्याने तो पुन्हा गोळा केला. "मला कुठे माहीत होतं? तुम्ही लोक सांगता का काही? आणि आता काही करता येत नाही रे. मी गिअर काढला तर आमचा रथ बसला. जत्रा होऊ दे. रविवारी सकाळी मी स्वतः आणून देतो. चालेल?"

ओनेलिओने पॅकिंग उचलून पुन्हा खिशात घातलं, कारण शेजारचं पोर कुंपणावरून डोकावत होतं आणि उंट बगळ्यांनाही जत्रेच्या दिवशीच दिसायचा होता. मग तो घरी आला.

दुसरा गिअर मिळण्यासारखा नव्हता. सायकलवरून गाठलेलं ते अंगणसुद्धा कधीच भंगारात वितळलं होतं. सहकारी संस्थेचे लहान ट्रॅक्टर रथाखाली गुडघे टेकून बसले असते. निळ्या ट्रॅक्टरने लाल रथ ओढायचा, तर त्यापेक्षा रथ पेटवलेला बरा, असं कुठलाही खेकडा म्हणाला असता. आणि या सगळ्याचं कारण सांगायचं, तर गावात आग लागली असती आणि त्या आगीत यानेलिसचा धर्मबाप जळला असता. ओनेलिओने कोणालाच काही सांगितलं नाही. एर्मिनियाबाईंना म्हणाला, "बॉक्समध्येच आहे बाई. बघतो."

"कोणामुळे झालं?"

"वयामुळे."

दोन दिवस तो उघड्या बॉक्सपुढे बसून होता. पहिला-दुसरा गेलेला. तिसरा घातला तर बहिरी हिसका देणार, आणि वर पोरगी उभी. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या एका लहान चाकावर गेली. ते स्वतःच्या वेगळ्या शाफ्टवर बसलेलं होतं, दाते कोरे, जणू काल कारखान्यातून आलेले. ते रिव्हर्सचं चाक होतं. बहिरीने तीस वर्षांत मागे जायचं काम फारसं केलंच नव्हतं.

त्याने बॉक्समध्ये पडलेले खडे धुऊन काढले, बॉक्स बंद केला, रथाची ओढदांडी बहिरीच्या पुढच्या हुकाला जोडली आणि मागच्या टायरांत पाणी भरून त्यांना जड केलं. आता बहिरी उलटी चालणार होती, पाठ चौकाकडे आणि तोंड रथाकडे करून. ओनेलिओला रस्ता दिसावा म्हणून मिग्दालियाने आपल्या शृंगाराच्या मेजाचा गोल आरसा स्क्रू काढून आणला.

"तीस वर्षं याच्यात तोंड बघितलं," ती म्हणाली. "आता तू रस्ता बघ. फोडलास तर मात्र घरी येऊ नकोस."

आरसा बॉनेटवर बांधला. उरलेले दिवस ओनेलिओ उसाच्या रस्त्यावर दगडांनी भरलेली ट्रॉली उलटी ओढत राहिला. आरशात डावं उजवं होतं, उजवं डावं. पहिल्या दिवशी तो तीनदा खड्ड्यात गेला. बघायला जमलेले लोक म्हणायचे, "ओनेलिओ आता कारखान्याच्या काळात परत निघाला वाटतं!" तो हसायचा. रात्री मात्र तो मिग्दालियाकडे पाठ करून झोपायचा आणि तिने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला आणि दिवेलागणीला खेकड्यांच्या शेडचे दरवाजे उघडले. रथ पेटला. हो, पेटला म्हणायचं, दुसरा शब्द नाही. हजार दिवे एकदम, मोत्यांची शिडी, लाल पंखांच्या ज्वाळा, आणि सगळ्यांच्या वर, सोनेरी मुकुट घालून, हात पुढे करून यानेलिस. ओनेलिओने रिव्हर्स टाकला.

तीस वर्षं त्याने हा रथ ओढला होता आणि तीस वर्षं तो त्याच्या पाठीमागे होता. पुढे रस्ता, पुढे गर्दी, पुढे कोणाची तरी सायकल. लोकांच्या तोंडावरच्या उजेडावरून त्याने आपला रथ कसा दिसत असेल याचा अंदाज बांधला होता. आता तो तोंडापुढे उभा होता. आरशात रस्ता, आरशाच्या वर पोरगी. चढ लागला. बहिरी किंचाळली, पण दाते धरून राहिले. ओनेलिओच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता. वर यानेलिस पापणी हलवत नव्हती. तिला एकच माहीत होतं, की खाली पापा आहे.

चौकात गर्दी वेडी झाली. हे मुद्दाम केलंय अशीच सगळ्यांची समजूत. ट्रॅक्टरने राणीकडे पाठ फिरवायची नाही म्हणून तो उलटा चालत आला! एर्मिनियाबाईंनी ते ऐकलं, क्षणभर विचार केला आणि आपलीच कल्पना असल्यासारखी मान हलवली. समोरच्या चढावरून बगळ्यांचा रथ वर आला, उंटांच्या तांड्याचा, निळा, चंदेरी, खरंच केवढा तरी मोठा. तो एकही हिसका न घेता आला. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज ओनेलिओने हजारोंच्या कल्लोळात ओळखला. पहिल्या गिअरचा जाड, गोल, भरीव आवाज. तो आवाज त्याने आपल्या सायकलवरून घरी आणला होता.

नेमेसिओ सीटवर उभा राहिला, टोपी हवेत फेकली आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं, हा काहीतरी करणारच! माझा कोम्पाद्रे आहे तो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमेसिओच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि तो खोटा नव्हता. हेच ओनेलिओला सहन झालं नाही. बहिरी चढावर बसली असती, तर निदान त्या माणसाला झोप लागली नसती. आता त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ओनेलिओने आपल्या दहा बोटांनी त्याला मोकळं केलं होतं.

रविवारी सकाळी नेमेसिओ खरंच आला. गिअर तेलकट पोत्यात गुंडाळलेला, सोबत डुकराची मांडी. यानेलिस धावत बाहेर आली, "आशीर्वाद, पाद्रिनो!" म्हणाली, धर्मबापाला म्हणतात तसं, आणि त्याने तिच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ओनेलिओ दारात उभा राहून तो हात बघत होता. मग त्याने पोरीला आत पाठवलं.

"आरशातून काय चालवलंस रे!" नेमेसिओ म्हणाला. "मला तर रडू आलं, देवाशपथ."

"शपथा पुरे," ओनेलिओ म्हणाला आणि पोतं हातात घेतलं.

"रागावलास अजून? झालं का काही? कोणाला काही झालं का?"

"नाही झालं."

"मग?"

ओनेलिओने पोतं उलगडून तीन ठिपके बघितले. गिअर घेऊन तो आत गेला.

त्या संध्याकाळी वडाच्या पारावर डोमिनोचं टेबल मांडलं गेलं, दर रविवारी मांडतात तसं. डोमिनो आमच्याकडे जोडीने खेळतात, आणि जोडीदार समोरासमोर बसतात, एकमेकांचे डोळे दिसावेत म्हणून; शेजारी बसतो तो विरुद्ध जोडीतला. ओनेलिओ आणि नेमेसिओ या जोडीला हरवायच्या भानगडीत गावात कोणी पडत नसे. नेमेसिओने आपली खुर्ची ओढली, सोंगट्या पालथ्या घातल्या आणि ढवळल्या. समोरची खुर्ची त्याने पायाने थोडी मागे सरकवून ठेवली.

ओनेलिओ आला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, नेमेसिओलाही केला. मग तो समोरच्या खुर्चीला वळसा घालून नेमेसिओच्या डाव्या हाताच्या खुर्चीपाशी थांबला आणि तिथे बसलेल्या पोस्टमनला म्हणाला, "तू जा तिकडे. मी आज इथून खेळतो."

"का रे बाबा?" पोस्टमन उठत म्हणाला. "तिकडे ऊन येतं का?"

"हो," ओनेलिओ म्हणाला, त्याच्या जागी बसला आणि सोंगट्या उचलल्या.

सूर्य तर कधीच मावळला होता. नेमेसिओने मान वर केली नाही. पहिली सोंगटी त्यालाच टाकायची होती. ती त्याने बराच वेळ हातात धरून ठेवली.